कण्हेर व बिट्टी : औषधही, विषही

नांदेड व लातूर जिल्ह्यांत उन्हाळ्यात बांधावरचे गवत वाळून गेले, तरी कण्हेर हिरवीगार राहते. म्हणूनच ती अंगणात, देवळापुढे व कुंपणाला लावतात. पिवळ्या, घंटेसारख्या फुलांची बिट्टी तिच्याच कुळातील होय. परंतु या दोन्ही झाडांची मुळे, साल, पाने, फुले, बिया व चीक हे सर्व भाग विषारी आहेत.

विषाचे कार्य

कण्हेरीत ओलिअँड्रिन, तर बिट्टीत थेवेटिन हे द्रव्य असते. हृदयाच्या पेशींतील सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा या द्रव्यांनी मंदावते. परिणामी पेशींत कॅल्शियम वाढून हृदय जोराने आकुंचन पावते. मात्रा अधिक झाल्यास ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते, ठोके अनियमित होतात व हृदय बंद पडू शकते.

औषधाची मर्यादा

याच वर्गातील द्रव्ये डिजिटॅलिस वनस्पतीत आहेत. अंगावरील सुजेवर तिचा उपयोग इंग्लंडमधील डॉ. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तिच्यापासून मिळणारे डिगॉक्सिन डॉक्टर आजही देतात. त्याची नेहमीची गोळी अवघी पाव मिलिग्रॅमची असते. उपकारक व घातक मात्रेतील अंतर फार थोडे असते, आणि कोणत्या पानात द्रव्य किती हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कण्हेरीचा काढा घरी कदापि करू नये.

जनावरांची काळजी

ताजा पाला कडू असल्याने जनावर सहसा त्याला तोंड लावीत नाही. मात्र पाला सुकला तरी विष कायम राहते. छाटलेला पाला कडब्यात मिसळल्यास देवणी वा लाल कंधारी जातीचे धडधाकट जनावरही दगावू शकते. त्यास मूठभर पाने पुरतात. यास्तव छाटणी लगेच गोळा करून खोल पुरावी. जाळू नये, कारण धूरही अपायकारक असतो. गोठा व पाणवठ्याजवळ ही झाडे लावू नयेत.

विषबाधा झाल्यास

मुलांना बिट्टीच्या बियांशी खेळू देऊ नये. कोणी खाल्ल्यास मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व झाडाची फांदी सोबत न्यावी. लक्षणे उशिरा दिसू शकतात. म्हणून रुग्ण बरा वाटला तरी रुग्णालयात न्यावा. जनावरासाठी पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. ग्रामसेवकांनी ही माहिती प्रत्येक वस्तीवर पोहोचवावी.