'माणूस' : नाम की सर्वनाम?

जगातील कित्येक जमातींनी स्वतःस दिलेल्या नावांचा अर्थ त्यांच्या भाषेत 'माणसे' किंवा 'खरी माणसे' असा होतो, हे निरीक्षण मानवशास्त्राच्या ग्रंथांत फार जुने आहे. त्यावरून काढावयाचा निष्कर्षही जणू ठरूनच गेला होता : जमातीबाहेरच्या कोणालाही हे लोक माणूस समजत नाहीत. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील जमातींच्या माथी हा आरोप वारंवार मारला गेला. ब्राझिलचे मानवशास्त्रज्ञ एदुआर्दो विवेइरोस द कास्त्रो यांनी १९९६ साली पोर्तुगीजमध्ये आणि १९९८ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या निबंधात या आरोपाचे मूळ भाषांतराच्या चुकीत दाखविले. त्यांच्या मते ज्या शब्दाचे भाषांतर 'माणूस' असे होते तो पुष्कळदा प्राणिजातीचे नाव नसून बोलणाऱ्याची जागा दाखविणारा शब्द असतो. व्यवहारात तो नामापेक्षा सर्वनामाच्या अधिक जवळचा असतो.

'मी' हे कोणा एकाचे नाव नव्हे. जो बोलेल त्याचा तो शब्द होतो. 'आम्ही' व 'आपण' यांचीही गत तीच. कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे हे प्रसंगावर ठरते. मराठी भाषिकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. विवेइरोस द कास्त्रो यांनी ज्या आरावेते जमातीत क्षेत्रकार्य केले, तिची भाषा तुपी-ग्वारानी कुळातील आहे. आणि योगायोग असा की, याच कुळातील ग्वारानी भाषेत श्रोत्याला वगळणारे 'ओरे' आणि त्याला सामावून घेणारे 'न्यान्दे' अशी दोन सर्वनामे आहेत. 'माणूस' म्हणून नोंदविलेले शब्दही असेच आकुंचन-प्रसरण पावतात : एका वेळी केवळ सोयरे, दुसऱ्या वेळी सारी जमात, तिसऱ्या वेळी सर्व मनुष्यमात्र. याउलट ग्रंथांत रूढ झालेली जमातींची नावे बहुधा तृतीयपुरुषी, म्हणजे इतरांनी ठेवलेली असतात. शिंगू नदीकाठच्या युद्जा लोकांना जगाने 'जुरुना' म्हणून ओळखले. तुपी भाषेत त्याचा अर्थ 'काळ्या तोंडाचे'. त्यांच्या तोंडाभोवतीचे गोंदण पाहून दिलेले ते नाव आहे.

हे सर्वनाम केवळ मनुष्याच्याच मुखी शोभते असे मात्र या जमाती मानीत नाहीत. जाग्वार हे तेथील अरण्यातील मार्जारकुळातले मोठे ठिपकेदार श्वापद. स्वतःच्या दृष्टीने जाग्वार माणूसच असतो. मनुष्याला जे रक्त दिसते ते त्याला कसावाचे आंबवलेले मद्य दिसते. (कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तीच अमेरिकेतून आलेली वनस्पती. तिचे मद्य हे तेथील समारंभांचे केंद्र आहे. उपवासाशी त्याचा काही संबंध नाही.) गिधाडांना सडक्या मांसातील अळ्या म्हणजे भाजलेली मासळी वाटते. तानिया स्तोल्झे लिमा यांनी युद्जा लोकांच्या रानडुकरांच्या शिकारीचे वर्णन केले आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीने जी शिकार, ती डुकरांच्या दृष्टीने शत्रूशी लढाई असते.

हा सापेक्षतावाद नव्हे, आणि येथेच वाचकाची गफलत होण्याचा संभव आहे. एकच वस्तू आणि तिच्याकडे पाहण्याच्या अनेक रीती, असा हा विचार नाही. 'पहाटेची चांदणी' आणि 'सायंकाळची चांदणी' ही दोन नावे, पण तारका एकच, शुक्र, हे तर्कशास्त्रातले प्रसिद्ध उदाहरण. ॲमेझॉनमध्ये याच्या नेमके उलट घडते : 'मद्य' हे नाव एकच, पण वस्तू दोन. पाहण्याची रीत सर्व जीवांची एकच. जे दिसते ते निरनिराळे. मराठीतील नातेवाचक शब्दांवरून हे थोडेफार उमजेल. कोणीही मनुष्य आपल्या ठायी मेहुणा नसतो. तो कोणाचा तरी मेहुणा असतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाचा भाऊ. रक्त आणि मद्य हे शब्द तसे वापरले जातात.

मग हा भेद उपजतो कोठून? त्यांचे उत्तर आहे, शरीरातून. आत्मा सर्वांचा सारखा, शरीर वेगळे. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९५२ साली 'वंश आणि इतिहास' या पुस्तिकेत एक हकीकत सांगितली आहे. अँटिलीस बेटांत या लोकांना आत्मा आहे काय याची स्पॅनिश लोक चौकशी करीत होते, तर तेथील रहिवासी पकडलेल्या गोऱ्यांना पाण्यात बुडवून त्यांची प्रेते कुजतात काय हे पाहत होते. एका पक्षाला शंका आत्म्याची, दुसऱ्याला शरीराची. आत्मा परक्यांनाही असणारच, याविषयी बेटवासीयांना शंका नव्हती.

या विचारातील सर्वांत विलक्षण भाग द्वितीयपुरुषाचा आहे. अरण्यात एकट्या मनुष्याला एखादे श्वापद भेटते आणि ते बोलू लागते. त्याला उत्तर दिले, तर त्याचे 'मी'पण मान्य केल्यासारखे होते, आणि उत्तर देणारा त्याचा 'तू' बनून श्वापदांत जमा होतो. ही भीती केवळ कथेतली नाही. इक्वेडोरमधील आव्हिला गावच्या किच्वाभाषक रूना लोकांत राहिलेल्या एदुआर्दो कोन यांनी २०१३ सालच्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, अरण्यात उताणे निजावे असे त्यांना बजावण्यात आले होते. उताण्या मनुष्याची नजर जाग्वारला आपल्यासारख्याच दुसऱ्याची नजर वाटते. पालथा निजलेला त्याला 'आय्चा', म्हणजे मांस, वाटतो.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. किच्वातील 'रूना' हा शब्द व्याकरणदृष्ट्या सरळ सरळ नाम आहे. त्याचे 'रूनाकूना' असे अनेकवचन होते, आणि 'आम्ही'साठी त्या भाषेत वेगळा शब्द आहे. तेव्हा 'माणूस हे सर्वनाम' हे विधान प्रयोगापुरते खरे, शब्दजातीपुरते नव्हे. त्याची परीक्षा भाषागणिक व्हावयास हवी. ब्राझिलच्याच आल्सिदा रामोस यांनी २०१२ साली याहून कठोर टीका केली. शेकडो जमातींचे वैविध्य एका सूत्रात दाबून बसविल्याने त्यांच्या हालअपेष्टा व राजकीय झगडे दृष्टीआड होतात, असे त्यांचे म्हणणे. ती टीका निराधार नाही.

तथापि तो झगडाही भाषेपाशी येऊन ठेपतोच. इक्वेडोरमधील सारायाकू या किच्वा वस्तीच्या भूमीत, लोकांना न विचारता, तेलसंशोधनासाठी सुमारे १,४०० किलो स्फोटके पुरण्यात आली होती. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २०१२ साली सरकारला दोषी ठरविले. निकाल होता लोकांच्या मालमत्तेविषयी, त्यांच्याशी सल्लामसलत करण्याच्या कर्तव्याविषयी आणि त्यांच्या सांस्कृतिक अस्मितेविषयी. अरण्य त्यात तृतीयपुरुषीच राहिले. २०१८ साली सारायाकूने 'कावसाक साचा', म्हणजे 'जिवंत अरण्य', हा जाहीरनामा काढला. त्यात अरण्याला सजीव, सचेतन आणि हक्कांचा 'सुहेतो' म्हटले आहे. हा स्पॅनिश शब्द कायद्यातील हक्कधारकासाठीही आहे आणि व्याकरणातील कर्त्यासाठीही. मराठीत त्यासाठी दोन शब्द असल्याने भाषांतरकाराला त्यांतला एक सोडावा लागतो.