मालक भला असला म्हणून...

हर्सूल म्हटलं की छत्रपती संभाजीनगर शहरातल्या माणसाला आधी जेल आठवतं. तळं आणि हरसिद्धी माता नंतर. जेलच्या भिंतीपाशी उभं राहिलं की स्वातंत्र्याचा अर्थ अगदी सोपा वाटतो. आत तो कैदी, बाहेर तो मोकळा. थॉमस हॉब्जने १६५१ साली ‘लेवायथन’मध्ये जवळपास हेच मांडलं: वाट अडवणारं बाहेरचं काही नसलं की माणूस स्वतंत्र. त्याचे दाखलेही भिंतींचे आणि साखळ्यांचेच.

केंब्रिजचे इतिहासकार क्वेंटिन स्किनर यांनी हॉब्जच्या विरोधकांना पुन्हा बोलतं केलं. त्यांचं ‘लिबर्टी बिफोर लिबरलिझम’ (१९९८) हे पुस्तक एका बैठकीत संपेल एवढंच आहे. मिल्टन, हॅरिंग्टन, सिडनी ही त्यातली मंडळी रोमन विचार कोळून प्यायलेली. रोमन कायद्यात गुलाम म्हणजे मार खाणारा नव्हे. दुसऱ्याच्या सत्तेखाली असलेला. मालक भला असेल, कधी हात उगारणारही नाही. पण उगारलाच तर अडवणारं कोण? मग मालकाचा चेहरा वाचत, जीभ आवरत दिवस काढायचे. इंग्लंडच्या चार्ल्स राजाचा नकाराधिकार पार्लमेंटवाल्यांना खुपला तो याचमुळे. तो वापरतो किती, हा मुद्दाच नव्हता. मनात आलं की वापरू शकतो, एवढं पुरे होतं. ३० जानेवारी १६४९ला चार्ल्स राजाचं डोकं उडवलं गेलं.

हे वाचताना मला लंडनआधी मलिक अंबर आठवतो. इथिओपियात जन्मलेला, हातोहात विकला जात दख्खनेत पोहोचलेला. निजामशाहीच्या पेशव्याने, चंगीझखानाने, त्याला विकत घेतलं. कारभार तो तिथेच शिकला. पुढे १६१० साली त्याने खडकी, म्हणजे हेच आपलं शहर, वसवली आणि हर्सूलच्या बाजूने नहर आणून गावाला पाणी दिलं. एवढ्या कर्तबगार माणसाची गुलामी सुटली कधी? मालक मेल्यावर.

स्किनरांच्या या नायकांना मात्र फार डोक्यावर घेऊ नये. त्याच राजाविना इंग्लंडने १६५५ साली जमैका जिंकलं, आणि पुढे तिथला ऊस पिकला तो गुलामांच्या घामावर. स्वातंत्र्याची व्याख्या त्यांनी नेमकी केली, पण ती स्वतःपुरती राखली.

आपल्याकडे थॉमस पेन वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘गुलामगिरी’. अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.