लहान सेवासंस्थांस साह्य कां व कसें करावें

उदार नाशिककरांस सविनय निवेदन कीं, टंचाईनिवारणार्थ आपण जें द्रव्य देतां त्याचा विनियोग कोणाच्या हातून होतो, हें खुलाशानें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

आपल्या जिल्ह्यांत टंचाई दोन प्रकारची आहे. सिन्नर, येवला, नांदगांव ह्या तालुक्यांत पाऊसच थोडा. तेथील हाल सर्वांस ठाऊक आहेत. परंतु पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर ह्या डोंगरी मुलखांत पावसाळ्यांत पाण्याचे लोट वाहतात, आणि होळी उलटली कीं त्याच पाड्यांवरील बायाबापड्या हंडे घेऊन दरींत उतरतात. काळ्या कातळाचे तीव्र उतार पाणी धरीत नाहींत, हें त्याचें मुख्य कारण. पर्जन्यमानाचे नुसते आंकडे पाहणारास ही टंचाई दिसावयाची नाहीं. ती पाड्यावर वारंवार जाणारासच दिसते. आणि असे जाणारे पुष्कळदां दोन-चार कार्यकर्त्यांच्या लहान संस्थांतील असतात.

ही रीत नवी नव्हे. १८७६–७८ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें आपल्या माणसांकरवीं गांवोगांवची हकीकत मिळवून सरकारपुढें मांडिली. नाशकांत दादासाहेब बिडकरांनीं १९३७ सालीं आदिवासींच्या सेवेसाठीं डांग सेवा मंडळ स्थापिलें. पुढें त्याच्या आश्रमशाळा व महाविद्यालयें झालीं. २०२० च्या टाळेबंदींत मुंबईहून पायीं निघालेले मजूर कसारा घाट चढून आग्रा रस्त्यानें जात होते, तेव्हां अन्नपाणी घेऊन वाटेवर उभे राहणारांत अशींच स्थानिक मंडळें होतीं.

आतां पैशाविषयीं. विहीर, टाकी, पंप ह्यांस दाते सहज मिळतात, कारण त्यांवर नांवाची पाटी बसते. पुढें पंप बिघडतो, वीजबिल थकतें, हिशेबतपासनिसाची फी द्यावयाची राहते, कार्यकर्त्याच्या एस.टी. भाड्याचीही पंचाईत होते. त्यांस मात्र दाता नाहीं. मग टाकी कोरडी व पाटी शाबूत, असा प्रकार होतो. त्यांतच परदेशी देणग्यांच्या कायद्यास २०२० सालीं जी दुरुस्ती झाली, तीअन्वयें अशी देणगी मिळालेल्या संस्थेस ती दुसऱ्या संस्थेस देतां येत नाहीं. मोठ्या संस्थेमार्फत लहान संस्थेकडे येणारा तो ओघ त्यामुळें बंद झाला. हा खड्डा गांवच्या वर्गणीवांचून भरणें कठीण.

विश्वास कसा ठेवावा, असें कोणी विचारील. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीं नोंदलेल्या न्यासास हिशेब ठेवून ते तपासून घ्यावे लागतात. ते अवश्य मागून पाहावे. त्याहून खरी परीक्षा म्हणजे वैशाखांत पाड्यावर जाऊन नळास पाणी येतें कीं नाहीं, हें तेथील बायांस विचारणें.

आमची विनंती एवढीच कीं, रक्कम लहान असली तरी ती अमुकच कामास लावावी अशी अट न घालतां लागोपाठ तीन वर्षें द्यावी. जुने कपडे पाठवूं नयेत. त्यांच्या वाहतुकीसच पैसे मोडतात. वर्गणी होळीपूर्वीं पोंचावी. वैशाखांत आलेल्या पैशांतून फार तर टँकर येतो. माघांत आलेल्या पैशांतून झऱ्याचें टाकें उपसून पाड्यापर्यंत नळ घालतां येतो.