गोळीच्या सोबतीला योग

१ एप्रिल २००४ पासून देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरची औषधं मोफत मिळू लागली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांतलं एक. त्या सुमारास तिशीत असलेली, घरच्यांनी मनातल्या मनात निरोप देऊन टाकलेली कितीतरी माणसं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांची पोरंबाळं कमावती झाली, काहींना नातवंडं झाली. आता एआरटी केंद्रावर, म्हणजे ही औषधं मिळतात तिथे, त्यांचं बोलणं आपल्या-तुपल्या घरातल्यासारखंच असतं: गुडघे धरतात, बीपी वाढलंय, रात्री झोप लागत नाही. अशाच बोलण्यात कुणीतरी विचारतं, योग केला तर चालेल का? या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, जरा दबक्या आवाजातला. योग केला तर गोळ्या बंद करता येतील का?

पहिल्याचं उत्तर हो आहे. दुसऱ्याचं नाही, आणि त्या ‘नाही’चं कारण विषाणूच्या वागण्यात आहे.

हा विषाणू रक्तातल्या, रोगप्रतिकार करणाऱ्या सीडीफोर पेशींमध्ये शिरतो आणि आपला मजकूर पेशीच्या जनुकांत लिहून ठेवतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षं झोपून राहतात. रोजची गोळी विषाणूची वाढ थांबवते, पण झोपलेल्या पेशींतला मजकूर तिला खोडता येत नाही. म्हणून गोळी सुटली की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा डोकं वर काढतो. तिथवर कुठलं आसन पोचत नाही, कुठला श्वास पोचत नाही. नेमाने घेतलेल्या गोळीने मात्र विषाणूचं प्रमाण इतकं खाली जातं, की तपासणीत तो सापडत नाही. ते तसंच खाली राहिलं, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. विज्ञानाने या रुग्णांना दिलेली ही फार मोठी गोष्ट आहे. तिला धक्का लावणारा कुठलाही सल्ला माझ्या लेखी गुन्ह्याच्या जवळचा आहे.

मग योगाची जागा कुठे? गोळी विषाणूला आवरते, भीतीला नाही. घरात कुणी वाचू नये म्हणून औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी खरवडून टाकणारं माणूस, लग्नाच्या गर्दीत डोसची वेळ झाली की न्हाणीघरात जाऊन गोळी गिळणारी बाई, यांच्या अंगावर जे ओझं असतं ते रक्ताच्या कुठल्याच अहवालात दिसत नाही. त्यात शरीराचंही काही असतं. विषाणू दबला तरी आतली सूज थोडी धुमसत राहते, आणि हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट होतो. शिवाय हल्लीच्या औषधांतल्या डोल्युटेग्रॅव्हिरमुळे काहींची झोप उडते, काहींचं वजन वाढतं.

इथे योगाचा काही उपयोग होतो का, हे पुण्यातच तपासलं गेलं आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने सीडीफोर ४०० च्या वर असलेल्या, प्रकृती बरी असलेल्या ६१ जणांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सहा दिवस सुदर्शन क्रिया ही श्वसनाची पद्धत शिकवली, घरी करायला सांगितलं आणि बारा आठवडे दर आठवड्याला एकत्र बोलावलं. दुसऱ्या गटाला नेहमीची देखभाल मिळाली. क्रिया करणाऱ्यांच्या जगण्याच्या गुणवत्तेचा एकूण गुणांक साधारण ६ टक्क्यांनी सुधारला.

हा आकडा वाचून मी बराच वेळ विचार करत राहिले. सुधारणा श्वासाने झाली, की दर आठवड्याला आपल्यासारख्याच माणसांबरोबर एका सतरंजीवर बसण्याने? आपण काय करतोय हे त्या गटाला ठाऊक होतं, त्यामुळे या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. पण जिच्या आजाराची कुजबूज गावभर होते, तिला आठवड्यातून एकदा कुणी आपल्यापासून सरकून बसत नाही हा अनुभव मिळत असेल, तर तोही मला औषधापेक्षा कमी वाटत नाही.

अमेरिकेत सेंट लुईसला झालेल्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेले ६० एचआयव्हीग्रस्त होते. वीस आठवड्यांच्या योगानंतर त्यांतल्या योग करणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी पाचेक अंकांनी उतरला. वजन उतरलं नाही, चरबी हलली नाही. सीडीफोर आणि विषाणूचं प्रमाण जिथल्या तिथे राहिलं. पुढे २०१९ मध्ये सात अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा ताण आणि चिंता कमी झाल्याचं ठळक दिसलं. पण त्या सातांत मिळून माणसं चारशेसुद्धा नव्हती. पुरावा एवढाच आहे, आणि तो एवढाच सांगावा.

पुरावा मागणं म्हणजे योगाचा अपमान, असं काहींना वाटतं. पण स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था उभारली, ती आसन-प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला. मोजमापाची परंपरा आपल्याच सह्याद्रीतली आहे. ‘एड्स बरा करतो’ म्हणणाऱ्याला म्हणूनच या परंपरेचं नाव घेता येणार नाही. कायदाही त्याच्या बाजूचा नाही. जे आजार बरे करण्याचा दावा औषधांच्या नावाने करायला बंदी आहे, त्यांची नियमांतली यादी एड्सपासूनच सुरू होते.

योगाच्या जोडीने कुणी हातावर पुड्या ठेवल्या, तर त्या आधी डॉक्टरांना दाखवाव्यात. डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर रिकाम्या पोटी कॅल्शियम किंवा लोह घेतलं, तर गोळी नीट शोषली जात नाही. लोहभस्मात लोहच असतं, हे लक्षात राहत नाही. उलट सकाळच्या प्राणायामाला गोळी जोडून घेण्याची कल्पना मला आवडते: चटई गुंडाळली की गोळी, म्हणजे एक सवय दुसरीला आठवण करून देते. मात्र गोळीची वेळ बदलायची असेल, तर तेही केंद्रावर विचारूनच.

वर्गात पाऊल टाकताना मनात येतं, शिक्षकांना सांगावं लागेल का? नाही. घामातून, चटईतून, शेजारी बसून श्वास घेतल्याने एचआयव्ही पसरत नाही, तेव्हा शिक्षकांना तो कळण्याचं कारण नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला एचआयव्ही-एड्सविषयीचा कायदाही ही गोपनीयता जपतो. सांगायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. रक्तदाब वाढलेला असेल तर तो सांगावा, म्हणजे शीर्षासन टळेल. टेनोफोविर या एचआयव्हीवरच्या औषधाने हाडं विरळ होऊ शकतात; तशी झाली असतील तर तेही सांगावं, म्हणजे पश्चिमोत्तानासनात पाठीवर हात ठेवून कुणी दाबणार नाही. आणि खोकला असेल, मग तो कितीही दिवसांचा असो, तर कपालभातीला बसण्याआधी थुंकीची तपासणी करावी. क्षयरोग या आजाराच्या पाठोपाठ येतो, आणि बंद खोलीत तो मात्र श्वासातून शेजाऱ्याकडे जातो.