पाण्याचा ताळेबंद

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास पोहोचली, तेव्हा तिचे कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु मांजरा धरण काही एका रात्रीत आटले नव्हते. समोर दिसणारे संकट उंबरठा ओलांडून आत येईपर्यंत स्वस्थ बसावयाचे आणि मग धावपळ करावयाची, हा आपला जुना स्वभाव आहे.

आता तर अज्ञानाची सबबही उरलेली नाही. २००२ साली अमेरिका व जर्मनी यांनी ‘ग्रेस’ नावाचे दोन जुळे उपग्रह अंतराळात सोडले. सुमारे २२० किलोमीटरांच्या अंतराने ते एकामागोमाग फिरत. खालच्या भूमीतील पाणी घटले की तिचे गुरुत्वाकर्षण किंचित घटते, आणि या जोडीतील अंतरात सूक्ष्म फरक पडतो. त्या फरकावरून शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हिशेब मांडला: ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या अवधीत राजस्थान, पंजाब व हरियाणा या टापूतील १०९ घनकिलोमीटर भूजल नाहीसे झाले. कोयनेसारखी तीसांहून अधिक धरणे भरतील एवढे हे पाणी! आणि पाऊस तर त्या काळात जवळजवळ सरासरीइतका होता. दोष मेघांचा नव्हता, उपशाचा होता. २०१८ पासून उपग्रहांची नवी जोडी हेच काम पुढे चालवीत आहे.

तथापि आकाशातील या डोळ्याला विस्तीर्ण प्रदेश दिसतो, एखाद्या गावची विहीर दिसत नाही. तिची पातळी विहिरीच्या काठावर उभे राहूनच मोजली पाहिजे. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा हे काम करीत आली आहे. परंतु मोजलेले आकडे दप्तरात पडून राहिले, तर मोजणे आणि न मोजणे सारखेच.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराने २०१८ मध्ये नळ कोरडे पडण्याचा संभाव्य दिवस नागरिकांना आधीच सांगितला, माणशी दररोज ५० लिटरांची मर्यादा घातली आणि धरणांतील साठा वेळोवेळी जाहीर केला. नागरिकांनी काटकसर केली, पुढे पाऊसही आला, आणि तो दिवस टळला. भाकित खोटे ठरले, यातच त्याचे यश होते.

प्रत्येक नगरपालिकेने आपल्या पाण्याची शिल्लक दर आठवड्यास जाहीर करावी, आणि ऊस किती लावावयाचा, हे त्या शिलकीवरून ठरावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. जमाखर्च न पाहणाऱ्या घराचे दिवाळे निघते. राष्ट्रही त्याला अपवाद नाही.