संकटकाळची झोळी आणि तिच्यातील पाते

घर सोडून तडकाफडकी निघण्याची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून एक भरलेली झोळी तयार ठेवावी, असा सल्ला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नागरिकांना देत असते. विजेरी, रेडिओ, औषधे, कोरडा शिधा, पिण्याचे पाणी, मेणबत्त्या व काडेपेटी, जाड दोर, थोडी रोकड, शिधापत्रिका अशी ती यादी आहे. आणि तीत मध्येच एक शब्द येतो, सुरी. औषधे कोणती घ्यावीत हे ज्याचे त्याला ठाऊक असते. विजेरी कशी असावी याविषयीही फारसा मतभेद संभवत नाही. सुरीचे तसे नाही. ती केवढी असावी, कशाची असावी आणि एकटी सुरी पुरेल का, या प्रश्नांना यादीत उत्तर नाही. ते असूही शकत नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या घराच्या छपरावर, परसातल्या झाडांवर आणि गावावर येणाऱ्या संकटाच्या प्रकारावर अवलंबून आहे.

दुकानदार मात्र उत्तर तयार ठेवून असतो. काचेआड मांडलेला, जवळजवळ हातभर लांबीचा, पाठीला करवतीसारखे दाते काढलेला आणि पोकळ मुठीत होकायंत्र व मासे धरण्याचा गळ भरलेला सुरा तो पुढे करतो. वस्तू दिसायला रुबाबदार खरी. पण कामाच्या दृष्टीने इतकी फसवी वस्तू क्वचितच आढळेल. मूठ पोकळ ठेवायची म्हणजे पाते मुठीत खोलवर नेता येत नाही, आणि जोर पडताच ते नेमके त्या सांध्याशी निखळण्याचा संभव असतो. पाठीवरचे दाते म्हणजे जाड पोलादात पाडलेल्या नुसत्या खाचा. सुताराच्या करवतीचे दात एकाआड एक डावीउजवीकडे वळवलेले असतात. त्यामुळे काप पात्याहून किंचित रुंद पडतो आणि करवत अडकत नाही. ती सोय येथे नसल्यामुळे बोटभर खोल जाताच सुरा लाकडात रुतून बसतो.

हत्यार कोणत्या कामासाठी लागणार आहे, या प्रश्नापासूनच निवडीला आरंभ व्हावयास हवा. या बाबतीत २००५ सालातील दोन महानगरांचे अनुभव ताडून पाहण्यासारखे आहेत. त्या वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि रस्त्यांवर अडकलेल्या मोटारींतून काही माणसे बंद काचांआडच दगावली. बाहेर पाणी चढले की त्याच्या दाबाने दार उघडत नाही, आणि विजेवर चालणाऱ्या काचाही दगा देतात. पुढच्याच महिन्यात, २९ ऑगस्टला, अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स येथे कॅटरिना वादळाने बांध फुटले. पाणी वाढू लागले तशी माणसे माळ्यावर चढली, आणि माळ्याला बाहेर पडण्याची वाट नसल्यामुळे कित्येकजण तेथेच बुडाले. तिकडे माळ्यावर कुऱ्हाड ठेवावी असे आवर्जून सांगतात. मुंबईच्या मोटारीत कुऱ्हाडीचा उपयोग नाही. तेथे हवी ती टोकदार पोलादी हातोडी, आणि तिच्याच दुसऱ्या अंगाला आसनाचा पट्टा कापणारे, आकड्यासारखे वळलेले, बोटाला न लागणारे पाते. हातोडीचा घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्याशी घालावा. पुढची काच दुपदरी असते, ती तडकली तरी जागची हलत नाही. अलीकडे काही मोटारींच्या बाजूच्या काचाही दुपदरी येऊ लागल्या आहेत, तेव्हा आपल्या मोटारीच्या काचा कोणत्या, हे आधीच विचारून ठेवणे इष्ट. हे हत्यार झोळीतही ठेवू नये. चालकाचा हात पट्टा बांधलेला असताना पोचेल अशा जागी ते असले, तरच त्याचा उपयोग.

याउलट काही संकटे अशी की तेथे धारदार हत्याराचे फारसे चालतच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ती घरे मातीत रचलेल्या दगडांची होती आणि वर मातीचा जाड थर असलेली माळवदे होती. त्या ढिगाऱ्यात कापायचे असे थोडेच होते, उपसायचे होते. तेथे उपयोग पहारीचा, फावड्याचा आणि घमेल्याचा. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपाने अहमदाबादेतल्या सिमेंटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या. सळईच्या जाळ्यापुढे सुरी हतबल असते. लोखंड कापायची करवत, जिला कारखान्यात हॅक्सॉ म्हणतात, ती एखाददुसरी सळई कापू शकते, परंतु कोणती सळई काय तोलून धरते आहे हे अनभिज्ञाला कळत नाही. ते काम प्रशिक्षित पथकावर सोपवावे हेच श्रेयस्कर.

वादळाची गोष्ट मात्र निराळी. १९९९ च्या ऑक्टोबरअखेर ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळानंतर उन्मळून पडलेल्या झाडांनी रस्ते अडवून धरले, आणि मदत गावोगाव पोचण्यास विलंब लागला. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन आणि मुरुडकडच्या नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी कोकणी माणसाच्या कमरेच्या आकडीतला कोयता कोणत्याही परदेशी सुऱ्याला भारी ठरतो. त्याचे वजन टोकाकडे असल्यामुळे घाव आपोआप जड पडतो, आणि पुढे वळलेली चोच झावळी ओढूनही घेते. गावचा लोहार तो बहुधा मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यातून घडवतो. ते पोलाद चिवट असते, पाणी चांगले धरते, आणि बोथट झाले तर नदीच्या गोट्यावरही धार घेते. आसाम आणि नागभूमीतील दाव, नेपाळी खुकरी ही त्याचीच भावंडे. ज्या प्रांतात जे वाढते ते कापण्यासाठी तेथील लोहाराने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेले हत्यार त्या प्रांतात बहुधा सर्वांत योग्य असते. नोकरीनिमित्त परप्रांती स्थायिक झालेल्या कुटुंबाने गावाकडच्या कोयत्यासाठी अडून न बसता तेथल्या बाजारात माळी आणि लाकूडतोडे काय वापरतात ते पाहावे.

तथापि ज्याने कोयता कधी हाती धरला नाही, त्याने संकटाच्या दिवशी तो प्रथम उचलू नये. घसरलेला घाव नडगीवर येतो, आणि दवाखान्याची वाट बंद असते. शहरवासीयाला त्यापेक्षा माळ्याची वाकडी करवत बरी. ही करवत ओढताना कापते. ओढीने पाते ताठ राहते, म्हणून ते पातळ ठेवता येते आणि श्रमही कमी पडतात. मनगटाएवढी फांदी ती थोड्या वेळात उतरवते. पण वीजवाहक तारांवर पडलेल्या झाडाला कसलेही लोखंड लावू नये. तार निर्जीव झाल्याची खात्री वीजमंडळाच्या माणसाकडूनच व्हावी. वाकून दबलेली फांदीही तशीच घातक. ती तोडताक्षणी उसळते, आणि तिच्या माऱ्यात माणूस असेल तर गंभीर इजा होते.

झोळीत प्रत्यक्ष जायचे ते एवढेच: एक लहान सुरी, एक घडीची करवत, एक बोथट टोकाची कात्री. सुरीचे पाते चार बोटांहून मोठे असण्याचे कारण नाही. दोर, कापड, ताडपत्री, पोत्याची शिवण, फळ, एवढीच तिची कामे. आणि यांतले एकही काम लांब पात्याने अधिक चांगले होत नाही. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८९१ साली शिपायांसाठी जो घडीचा चाकू घेतला, त्यात एक पाते, एक टोचा, एक पेचकस आणि डबा उघडण्याचे हत्यार होते. पेचकस बंदूक उकलण्यासाठी होता, आणि डबा उघडायचा तो जेवणासाठी. जगात सर्वाधिक ख्याती पावलेला लष्करी चाकू अशा रीतीने मुळात पोटासाठी आणि दुरुस्तीसाठी घडला, ही गोष्ट काचेआडच्या सुऱ्याला भुलणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. घडीचा चाकू घेतलाच, तर उघडलेले पाते अडकून राहील असा घ्यावा. एरवी ते दाबाखाली मिटून बोटांवर येते. मराठी घरातले सर्वांत कुशल पाते म्हणजे विळी. पण तिच्यावर वस्तू पात्याकडे न्यावी लागते, आणि संकटात पाते वस्तूकडे न्यावे लागते.

ओल्या नायलॉनच्या दोरावर गुळगुळीत धार घसरते. तेथे पाव कापायच्या सुरीसारखी दातेरी धार चालते, म्हणून पात्याचा निम्मा भाग दातेरी असला तर उत्तम. टोकाविषयी खलाशांचे शहाणपण घ्यावे. हेलकावणाऱ्या जहाजावर तोल जाऊन कुणाला भोसकले जाऊ नये म्हणून त्यांच्या चाकवाचे टोक बोथट ठेवण्याची रीत जुनी आहे. पुरात सुटकेसाठी येणाऱ्या नावा पुष्कळदा हवा भरलेल्या रबरी असतात, आणि त्यांत दाटीवाटीने माणसे बसतात. उघडे अणकुचीदार टोक अशा नावेत नेणे म्हणजे बरोबरच्या सर्वांचा जीव टांगणीला लावणे होय.

पात्याने काय करू नये, हेही येथेच सांगणे प्राप्त आहे. पुराचे पाणी चढले की साप कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरतात, आणि दंश झाला की चिरा देऊन विष काढण्याची कल्पना अजून मनातून गेलेली नाही. त्या चिरेतून विष निघत नाही. घोणसाच्या दंशात तर रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते, आणि दिलेली चीर वाहत राहते. अशा वेळी काम सुरीचे नव्हे, कात्रीचे. सूज चढण्यापूर्वी गंडेदोरे आणि घट्ट कपडे कापून काढावेत, अंगठ्या व बांगड्या उतरवाव्यात, तो अवयव फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालू न देता रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तेथेच मिळते.

दुसरा प्रसंग जन्माचा. पाण्याने वेढलेल्या गावात प्रसूती थांबत नाहीत. पूर्वी विळ्याने किंवा हाती लागेल त्या पात्याने नाळ कापली जाई, आणि त्या वाटेने धनुर्वात होऊन कित्येक अर्भके पहिल्या काही दिवसांतच जात. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, नाळ बांधण्याचा स्वच्छ दोरा आणि काहीही न फासलेली नाळ या पाच गोष्टींचा आग्रह, मातांचे लसीकरण आणि रुग्णालयातील प्रसूती यांमुळे माता व नवजातांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. घरात गर्भवती असेल तर झोळीत न उघडलेल्या वेष्टनातले दाढीचे नवे पाते आणि निर्जंतुक दोरा ठेवावा. झोळीतली सुरी या कामाला लावू नये. आणि स्वच्छ पाते नसेलच, तर नाळ कापण्याची घाई नसते हे घरातल्या बायकापुरुषांना ठाऊक असावे. बाळाला पुसून आईच्या अंगाशी उबेत ठेवून मदतीची वाट पाहता येते.

पोलादाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. लोहारी पोलादाला धार लवकर लागते, पण ते गंजते. क्रोमियम मिसळलेले पोलाद गंजाला टिकते, पण धार लावताना चिकाटी मागते. वर्षानुवर्षे झोळीत पडून राहायच्या सुरीला दुसरे बरे, विशेषतः समुद्रकाठी. कोयत्याला खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवावा. चामड्याचे म्यान दिसायला शोभिवंत असले तरी दमट हवेत ओल धरते, तेव्हा पाते त्यात कायमचे ठेवू नये. नळाच्या प्लॅस्टिकची नळी उभी चिरून त्यात धार बसवली आणि वरून दोरी गुंडाळली, की स्वस्तात काम होते.

कायद्याची मर्यादाही आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. कोयता शेतात आणि परसात निर्वेध वावरतो तो या अपवादामुळे, पण तोच निष्कारण गर्दीत मिरवला तर पोलीस हटकणारच. विमानप्रवासात तर लहान सुरीही हातच्या सामानात चालत नाही. ती वजनाला द्यायच्या पेटीत घालावी, आणि मुक्कामी पोचल्यावर आठवणीने पुन्हा झोळीत ठेवावी.