रेकॉर्ड 'फर्स्ट प्रेस' आहे, हे कशावरून?

जुन्या रेकॉर्डच्या बाजारात 'फर्स्ट प्रेस' म्हटलं की भाव चढतो. पुरावा मागितला की विकणारा लेबलावरच्या सालावर बोट ठेवतो. पण ते साल बहुधा ध्वनिमुद्रणाचं असतं, तबकडीचं नव्हे. वर्तुळातलं 'पी' आणि त्यापुढचं साल ध्वनिमुद्रण प्रथम कधी प्रकाशित झालं एवढंच सांगतं. शिवाय हे चिन्ह लेबलांवर सर्रास दिसू लागलं ते १९७० च्या दशकात. त्यामुळे 'पी'पुढे १९६३ लिहिलेलं असेल, तर ती प्रत उशिराची असण्याचीच शक्यता जास्त.

कॅटलॉग नंबरचंही तसंच. बीटल्सच्या 'प्लीज प्लीज मी'चा मोनो नंबर पीएमसी १२०२. मार्च १९६३ च्या पहिल्या प्रतींवर तोच आणि नंतरच्या प्रतींवरही तोच. नंबर अल्बमचा आहे, छपाईचा नाही.

मग लेबलाचा रंग? इथे थोडं हाती लागतं. हा अल्बम काढणाऱ्या ब्रिटिश पार्लोफोनच्या सुरुवातीच्या प्रतींवर काळ्या लेबलावर सोनेरी अक्षरं होती, पुढे काळं-पिवळं लेबल आलं. मात्र सोनेरी दिसलं की पहिलीच प्रत, असं नाही. सोनेरीतही अगदी आधीच्या प्रतींवर बीटल्सच्या स्वतःच्या काही गाण्यांचे प्रकाशक म्हणून डिक जेम्स यांच्या कंपनीचं नाव आहे, नंतरच्यांवर नॉर्दर्न साँग्जचं. अक्षरं बारीक आहेत. भिंग जवळ असू द्यावं. कव्हरवर तर अजिबात विसंबू नये, साठ वर्षांत कोणती तबकडी कोणत्या कव्हरात गेली असेल, सांगता येत नाही.

खरी माहिती गाणी संपल्यावर लेबलापर्यंत उरलेल्या गुळगुळीत पट्टीवर असते. पार्लोफोनची मालक असलेल्या ईएमआयच्या ब्रिटिश तबकडीवर तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूचा ओळखक्रमांक, कोरलेला असतो. तो खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी धरला, तर डावीकडे नऊच्या जागी 'मदर'चा, म्हणजे धातूच्या मधल्या साच्याचा, आकडा येतो आणि उजवीकडे तीनच्या जागी स्टॅम्परची, म्हणजे तबकडी छापणाऱ्या साच्याची, अक्षरं. ही अक्षरं ईएमआयच्या 'ग्रामोफोन कंपनी लिमिटेड' या नावातून घेतलेली : जी म्हणजे १, मग आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी ही ओळीने ९ पर्यंत, आणि डी म्हणजे ०. 'आरए' दिसलं तर तेविसावा स्टॅम्पर.

मॅट्रिक्स नंबरच्या शेवटी '-१' असलं म्हणजे पहिलं प्रेसिंग, हा संग्राहकांचा सर्वांत आवडता गैरसमज. '-१' म्हणजे त्या बाजूचं पहिलं कटिंग. एका कटिंगमधून अनेक मदर, प्रत्येक मदरमधून अनेक स्टॅम्पर निघतात, आणि ते कटिंग वर्षानुवर्षं वापरात राहू शकतं. बीटल्सच्याच १९६६ च्या मोनो 'रिव्हॉल्व्हर'ची दुसरी बाजू मात्र वेगळी आहे. तिथे एक्सईएक्स ६०६-१ वर 'टुमॉरो नेव्हर नोज'चं वेगळंच मिक्स आहे. ते लगेच बदललं गेलं, म्हणून तिथला '-१' खरोखर मोलाचा.

आपल्याकडचा गैरसमज वेगळा : मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी म्हणजे स्वातंत्र्याआधीची. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये ७८ संपल्यावरही, १९६० च्या दशकात, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्सच्या ७८ च्या तबकड्या निघत होत्या. चावीचे ग्रामोफोन अजून अनेक घरांत होते आणि वीज सगळीकडे पोहोचली नव्हती. लेबलावर एचएमव्हीचा कुत्रा नाही म्हणून ती वेगळ्या कंपनीची, हेही खरं नाही. कोलंबिया आणि ओडियन ही लेबलंही ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच काढत असे. आणि इथलं ध्वनिमुद्रण म्हणजे इथलीच तबकडी, असंही नाही : गायिका गौहर जानची १९०२ ची गाणी कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झाली, पण तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला.

दमदमच्या बीटल्स एलपींच्या पट्टीवर अनेकदा ब्रिटिश मॅट्रिक्स नंबरच दिसतो, कारण साचे घडवण्यासाठीचे धातूचे भाग तिकडून यायचे. अशी प्रत 'इम्पोर्टेड' म्हणून समोर आली, तर आधी लेबलाच्या कडेला 'मेड इन इंडिया' शोधावं.